रिकिबीत पाय, फुग्यावर नेम : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी काउबॉय माउंटेड शूटिंग या खेळाबद्दल लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. घोडा चौखूर सोडायचा. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर. रिंगणात आखलेल्या वाटेने जात पाच फुगे फोडायचे, पहिलं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये टाकून दुसरं काढायचं, आणि परतीच्या सरळ रेषेतले पाच फोडत दौड संपवायची. सगळा हिशोब घड्याळाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोनात जिम रॉजर्स यांनी या खेळाला आकार दिला. मी त्याच राज्यात, फिनिक्सच्या उत्तरेला राहते आणि बत्तासा नावाच्या माझ्या घोड्यावर बसून हा खेळ खेळते. घोडेस्वारी मात्र मी शिकले ती महाराष्ट्रात, एनसीसीच्या आर अँड व्ही (रिमाउंट अँड व्हेटर्नरी) या घोड्यांच्या युनिटमध्ये.

पत्रं बरीच आली. बहुतेकांनी बंदुकीबद्दल विचारलंय, थोड्यांनी घोड्याबद्दल. माझी उत्तरं मात्र वळून वळून घोड्यावरच येणार.

प्रश्न : मी व्हिडिओ पाहिला. बाई भरधाव घोड्यावरून धडाधड गोळ्या झाडतेय आणि कुंपणापलीकडे माणसं लेकराबाळांसकट बसलीत. एखादी गोळी फुग्याऐवजी भलतीकडे गेली तर? — एक वाचक, सातारा

गोळी नसतेच. काडतूस असतं .४५ कोल्ट मापाचं, पितळेचं, पण त्याच्या तोंडावर शिसं बसवलेलं नसतं. आत काळी दारू भरायची आणि पितळेचं तोंड दाबून बंद करायचं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक, आपल्या फटाक्यातलीच. तिचा गुण असा की ती नळीत पुरती जळत नाही. जाडसर कण पेटलेल्या अवस्थेत बाहेर फेकले जातात आणि त्या ठिणग्या रबराला लागल्या की फुगा फुटतो. साधारण पंधरा फुटांपर्यंत त्यांच्यात ही ताकद असते, त्यापुढे नुसती राख. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू हे काम नीट करत नाही, कारण तिचं जळणं लवकर आटपतं. काडतुसं आयोजकांकडूनच मिळतात, म्हणजे सगळ्यांच्या हाती सारखीच दारू आणि कुणाला जास्त भरून आणायची मुभा नाही.

पण ‘गोळी नाही म्हणजे धोका नाही’ असं कृपा करून समजू नका. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम नावाच्या अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत असंच बिनगोळीचं पिस्तूल गमतीने कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. त्या दाबाने कवटीचा तुकडा आत घुसला आणि काही दिवसांत तो गेला. म्हणून आमच्याकडे भरलेलं शस्त्र घेऊन कुणी हिंडत नाही. रिंगणाच्या फाटकापाशी नेमलेला माणूस काडतुसं भरतो. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला घरं सहा असली तरी काडतुसं पाचच, आणि हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, रिकाम्या घरावर टेकवलेला. दौड संपली की लगेच रिकामं करायचं. घोडा रस्ता सोडून दुसऱ्या स्वाराच्या दिशेने वळला, तर फुगा राहिला तरी चालेल पण चाप ओढायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. प्रेक्षक पंधरा फुटांच्या खूप पलीकडे असतात. त्यांना फक्त आवाज, पांढरा धूर आणि गंधकाचा वास मिळतो.

या दारूचा एक त्रास मात्र आहे. तिची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड गंजवते. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी कितीही दमलेलं असलं तरी संध्याकाळी दोन्ही रिव्हॉल्व्हरं सोडवून बसावं लागतं. बादलीत कढत पाणी, भांड्याचा साबण, बारीक दांड्याचा ब्रश. सिलिंडर पाण्यात बुडवला की आधी काळे ढग सुटतात आणि सडक्या अंड्याचा वास घरभर होतो. नळी पुसायची, उजेडाकडे धरून आत बघायचं, पुन्हा पुसायची. पाणी स्वच्छ येईतो हे चालतं. मग कोरडं करून तेलाचा हात. हा वेळ मला आवडतो.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून काठियावाडी घोडी आणली. अंगाने देखणी, स्वभावाने गोड, पण मिरवणुकीचा ताशा किंवा फटाका ऐकला की तिचा ताबा सुटतो. तुमचे घोडे कानाशी बार होऊनही कसे उभे राहतात? आम्हीही घोडीसमोर थोडे थोडे फटाके लावून सवय करावी का? — एक घोडेमालक, कोल्हापूर जिल्हा

फटाके अजिबात नकोत. एकही नको. पुढचं सगळं वाचलं नाहीत तरी एवढं ऐका.

घोडा पळणारं जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं. नाकासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. दोन्ही कान स्वतंत्र फिरतात. आपल्याला ऐकू येत नाहीत इतके उंच आवाज त्याला ऐकू येतात. अशा जनावराला अचानक आवाज झाला की शरीर आधी पळतं, विचार नंतर होतो. त्यात काही खोड नाही. या स्वभावावरच त्याची जात जगली. फटाका लावून तुम्ही तिला सवय लावत नाही, तिचा संशय खरा ठरवता.

आमच्याकडे काय करतात ते सांगते. नवा घोडा पहिले कित्येक दिवस आवाजच ऐकत नाही. तो फक्त फुगे बघतो. जमिनीवर पडलेले, काठीला बांधलेले, वाऱ्यावर हलणारे. त्यांच्यामधून त्याला हाताने फिरवतात. मग मुरलेल्या घोड्यांच्या घोळक्यात त्याला लांबवर उभं करतात, बार दुसऱ्या टोकाला होतात. शेजारचा घोडा ढिम्म उभा राहून गवत शोधतोय हे नव्याला दिसतं, आणि ते दिसणं माणसाच्या शंभर थोपटण्यांपेक्षा जास्त काम करतं. कळपाचं जनावर कळपाकडून शिकतं.

त्यानंतर टिकल्यांचं पिस्तूल. हो, आपल्या दिवाळीतलंच. एक माणूस ते घेऊन घोड्यापुढे पंधरा-वीस पावलांवर चालतो, *घोड्यापासून लांब जात राहतो*, आणि चालता चालता टिकली उडवतो. घोडा मोतद्दाराबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, त्याच्या मागे चालत असतो. आवाज पुढे पळतोय आणि आपण त्याच्या मागे जातोय, हे घोड्याला कळलं की भीतीची दिशाच उलटते. जी वस्तू आपल्यापासून पळते ती आपल्याला खाणार नाही, हे त्याच्या रक्तातलं शहाणपण आहे. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं, नाकातून लांब श्वास सुटला, की तेवढ्यावर थांबायचं. त्या दिवसाचं काम संपलं. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, शेपूट दाबली गेली, मान ताठ झाली, तर आपण घाई केली असं समजून अंतर वाढवायचं.

पुढे कमी दारूची काडतुसं, मग अर्धी, मग पूर्ण, आणि तेही आधी उभ्या घोड्याशेजारी जमिनीवरून, मग पाठीवरून चालत, मग दुडकीत. दौडीत सगळ्यात शेवटी. बत्ताशाला एका पायरीवर महिनोन् महिने थांबवावं लागलं. फुगा फुटण्याचा आवाज त्याला बारापेक्षा जास्त खटकायचा. बार स्वाराच्या हातातून होतो, त्याची चाहूल मांडीतून आणि खांद्यातून घोड्याला आधी लागते. फुगा मात्र बाजूला, परका, आपल्या मर्जीने फुटतो. ही गोष्ट मला त्यानेच शिकवली.

तुमच्या घोडीसाठी यातलं टिकलीपर्यंतचं सगळं घरच्या घरी जमेल. मिरवणुकीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि ती वैरण खात असताना अगदी हळू लावा, एवढा हळू की तिचा कान फिरावा पण खाणं थांबू नये. पुढच्या आठवड्यात किंचित मोठा. खाणं थांबलं की आवाज तुमच्या बाजूने जास्त झाला. कुठलाही आवाज करताना तिला खांबाला बांधून ठेवू नका. बांधलेला घोडा बिथरला तर मान मोडून घेतो. लांब दोर हातात धरणारा शांत माणूस हवा, दोर मनगटाला गुंडाळलेला नको. जोडीला एखादी म्हातारी, संसारी घोडी मिळाली तर उत्तमच.

आणि ऐन दिवाळीत शिकवणी बंद. त्या रात्री तिला आत ठेवा, सोबत दुसरं जनावर, भरपूर वैरण, रेडिओ चालू. ही भीती जर अलीकडेच सुरू झाली असेल तर आधी पशुवैद्याकडून डोळे आणि कान तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसू लागलेला घोडा आवाजाला जास्त बुजतो.

वरातीला घोडी द्यायचा विचार असेल तर मात्र मी हात जोडून सांगेन, हिला देऊ नका. काही घोड्यांना गर्दी मानवते, काहींना नाही.

प्रश्न : मुक्या प्राण्याच्या कानाशी बार काढायचे आणि त्याला खेळ म्हणायचं? घोड्याने होकार दिला होता का? — एक प्राणिमित्र, ठाणे

रागाने लिहिलंय तुम्ही, आणि हा राग मला परका नाही.

कानाचं आधी. बार डोक्याच्या वरून किंवा दोन कानांमधून कधीही करायचा नसतो. आवाज तर असतोच, शिवाय पेटलेले कण डोळ्यात जाऊ शकतात. फुगा घोड्याची मान ओलांडून खांद्याच्या रेषेत आला की हात बाजूला पूर्ण ताणून बार. चुकला तर कंबर वळवून मागच्या बाजूला. चांगल्या स्वाराचा हात घोड्याच्या डोक्यापासून सतत लांब राहतो. घोड्यांच्या कानात घालायचे बोळे मिळतात आणि पुष्कळ जण ते वापरतात. सगळ्यांनी वापरावेत, सक्तीने वापरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘माझ्या घोड्याला गरज नाही’ हे वाक्य मला पटत नाही. स्वतः कानात बोळे घालणाऱ्या माणसाच्या तोंडी तर मुळीच नाही.

खरी क्रूरता मला बारात कमी आणि लगामात जास्त दिसते. वेगात वळण घ्यायचं, एका हातात बंदूक, लक्ष फुग्यावर, अशा वेळी डावा हात नकळत लगामावर लोंबकळतो. त्याचं वजन घोड्याच्या जबड्यात उतरतं. फाटकातून बाहेर आलेल्या घोड्याचं तोंड उघडं आणि मान आकाशाला भिडलेली दिसली की तो स्वार कितीही वेगवान असो, माझ्या लेखी हरलेला असतो. घोड्याला मारझोड केली तर स्वाराला बाद करता येतं, आणि पंचांनी ते धाडस जास्त वेळा दाखवायला हवं.

होकाराचं म्हणाल, तर घोडा बोलत नसला तरी नकार मोठ्याने देतो. फाटकापाशी आल्यावर पाय रोवणारा, घाम फुटणारा, रोज पोटदुखी काढणारा घोडा नाही म्हणत असतो. माझ्या पागेत बत्ताशाच्या आधीपासून एक घोडी आहे. सगळी शिकवणी तिने पार पाडली, बाराला दचकायची नाही, पण रिंगणात शिरताना तिचं अंग दगडासारखं व्हायचं. तिला मी डोंगरवाटेने फिरायला नेते. स्पर्धेला नेत नाही.

प्रश्न : माझं वय ७९. तरुणपणी काउबॉय सिनेमे पुष्कळ पाहिले. घोड्यावरून असा नेमका मारा कुणी खरंच करत असे का? आणि आपल्या मराठी घोडदळाने बंदुका का नाही वापरल्या? — एक आजोबा, नाशिक

आजोबा, आपल्या प्रश्नाने मला दोन रात्री छान पुस्तकांत घालवता आल्या.

सिनेमातल्या काउबॉयचं काम म्हणजे गुरं हाकणं. गोळीबार त्याच्या वाट्याला फार कमी. कॅन्ससमधल्या डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजारगावी तर गावात शस्त्र बाळगायलाच बंदी होती. घोड्यावरच्या रिव्हॉल्व्हरची खरी कथा थोडी आधीची, टेक्ससची आहे. कोमांची हे तिथले मूळ रहिवासी, घोड्यावर वाढलेले. गोऱ्या सैनिकाची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला घोड्यावरून उतरावं लागे, आणि तेवढ्या वेळात कोमांची स्वार दौडत्या घोड्यावरून बाणामागून बाण सोडत असे. त्यांच्यापुढे टेक्सस रेंजर्सचा, म्हणजे तिथल्या सरहद्दीवरच्या स्वारांच्या दलाचा, टिकाव लागत नव्हता. सॅम्युअल कोल्टने १८३६मध्ये फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं होतं, पण अमेरिकन लष्कराला त्यात फारसा रस नव्हता. १८४४च्या जूनमध्ये वॉकर्स क्रीक या ठिकाणी जॅक हेज याच्या पंधरा-सोळा रेंजर्सनी ही पिस्तुलं घेऊन त्यांच्या कितीतरी पट कोमांची स्वारांशी गाठ घेतली आणि घोड्यावरून न उतरता लढले. ते कोल्ट पॅटर्सन पिस्तूल पाच बारांचं होतं. स्वाराच्या हातातलं शस्त्र म्हणून रिव्हॉल्व्हरचं महत्त्व तिथे कळलं. आम्ही आज वापरतो ती घडण मात्र १८७३च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची. प्रत्येक बाराआधी अंगठ्याने हॅमर मागे ओढावा लागतो. नुसता चाप दाबून बार होत नाही.

ही कथा रेंजर्सच्या बाजूने सांगायची अमेरिकेत पद्धत आहे. मला मात्र त्यात कोमांचींचं घोड्यावरचं प्रभुत्व मोठं वाटतं. त्यांना हरवायला नवं यंत्र शोधावं लागलं.

खेळ म्हणून हे लोकांपुढे आणलं विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिलने. १८८३मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा इथे त्याचा ‘वाइल्ड वेस्ट’ सुरू झाला. शेजारून दौडणारा स्वार काचेचे गोळे हवेत फेकायचा आणि कोडी ते घोड्यावरून फोडायचा. काडतुसात एकसंध गोळीऐवजी बारीक छर्रे असत. प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात दुसरा उपायही नव्हता. आमच्या काळ्या दारूच्या ठिणग्यांच्या मागे तोच विचार आहे.

आता मराठी घोडदळ. बंदुका त्यांना नक्कीच माहीत होत्या. पण तोड्याच्या बंदुकीला एका हातात पेटता तोडा, म्हणजे जळती वात, जपावा लागतो, नळीतून दारू-गोळी ठासावी लागते, रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, ओतावी लागते. हे सगळं दौडीत करणं जवळपास अशक्य. बारगीर-शिलेदारांचं बळ वेगात होतं. कमी सामान, काटक तट्टू, झपाट्याने येणं आणि झपाट्याने जाणं. त्याला भाला आणि तलवार शोभते. भाल्याला दारू लागत नाही आणि पावसाने तो विझत नाही. ज्या भीमथडी तट्टांवर ते लढले ती जात आजही धनगरांच्या तांड्यांसोबत सामान वाहताना दिसते. तिच्यासाठी काही करता आलं तर ते मला या खेळाच्या कुठल्याही पदकाहून मोठं वाटेल.

मागे वळून मारा करण्याचं आपण पत्रात विचारलंय. ती फार जुनी विद्या. इ.स. पूर्व ५३मध्ये कार्‍हीच्या लढाईत पार्थियन धनुर्धर स्वारांनी पळता पळता मागे वळून बाण सोडत रोमन फौजेचा धुव्वा उडवला होता. शेवटचा फुगा हुकला की आम्ही जे करतो ते तेच, फक्त शत्रू रबराचा.

प्रश्न : फुगेच का? — चिपळूण

ठिणगीने फुटणारी, स्वस्त, आणि फुटली की नाही हे लांबूनही दिसणारी दुसरी वस्तू नाही. उभ्या खांबाला ते लावतात, पहिले पाच एका रंगाचे आणि परतीचे पाच दुसऱ्या, म्हणजे स्वाराचा गोंधळ होत नाही. दौडीनंतर फाटक्या रबराचे तुकडे वेचून काढायचे असतात, कारण जनावराच्या पोटात गेले तर आतडं अडकतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो तेव्हा फुगे आपणच फुटतात. मग सराव उजाडायच्या आधी.

प्रश्न : मी १३ वर्षांची आहे. पुण्यात घोडेस्वारी शिकते. मला हा खेळ खेळायचाय. आई म्हणते भारतात जमणार नाही. खरं आहे का? — एक वाचक मैत्रीण, पुणे

आई बरोबर सांगते आहे. आपल्याकडे २१ वर्षांखाली शस्त्राचा परवाना मिळत नाही. नेमबाजीच्या कनिष्ठ खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती रेंजवरच्या सरावासाठी. तेव्हा रिव्हॉल्व्हर सध्या विसर. पण घोड्यावरून नेम धरायचा असेल तर तुझ्यापुढे दोन सुंदर दारं उघडी आहेत.

एक टेंट पेगिंग. भरधाव घोड्यावरून खाली झुकून भाल्याने किंवा तलवारीने जमिनीत ठोकलेली खुंटी उचलायची. खुंटीची रुंदी जेमतेम सहा सेंटिमीटर. भारतीय सैन्यात आणि पोलिसांच्या घोडदळात हा खेळ जिवंत आहे. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो होता आणि रूपिंदर सिंग ब्रार यांनी त्यात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. दुसरा, घोड्यावरची धनुर्विद्या. हंगेरीत काश्शाई लायोश यांनी १९८०च्या दशकात ती खेळ म्हणून नव्याने उभी केली. नव्वदेक मीटरच्या पट्ट्यातून घोडा जाईतो जमतील तेवढे बाण सोडायचे. जपानमध्ये याबुसामे म्हणून धार्मिक विधीच आहे. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगू मंदिरात दर वर्षी १६ सप्टेंबरला स्वार दौडत जाऊन एकामागून एक तीन लक्ष्यं भेदतात. ते दृश्य बघ, लगाम कुठे आहे ते शोध. बाण ओढताना त्यांनी तो सोडून दिलेला असतो. सगळं मांडीवर.

म्हणून आजपासून तू मांड पक्की कर. तुझ्या सरांना विचारून, गोल रिंगणात, लांब दोरीवरच्या घोड्यावर रिकिबी सोडून दुडकी. मग एका हाताने लगाम. मग दौडत जाताना बाजूच्या बादलीत टेनिसचा चेंडू टाकायचा. टाकताना तुझी नजर बादलीवर आणि पाठ सरळ राहिली, घोड्याचा वेग बदलला नाही, तर समज की तुला नेम यायला लागला. चेंडू बादलीत पडला की नाही हे त्यानंतरचं. आणि उतरल्यावर तंग सैल करणं, खरारा, खुरातली माती काढणं हे मोतद्दारकाकांवर टाकू नकोस. घोड्याची ओळख तिथे होते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दहा वर्षांची, तीन वर्षं रायडिंग करते. तिला यात घालावं का? गुण कसे मोजतात, खर्च किती, काय विकत घ्यावं लागतं? — एक पालक

गुण म्हणजे वेळ. दौडीला लागलेले सेकंद, त्यात दंड मिळवायचा. हुकलेल्या प्रत्येक फुग्याला ५ सेकंद. बंदूक पडली तर ५. आखलेली वाट चुकली तर १०. घोड्यावरून पडलात तर ६०. पट्टीचे स्वार अख्खी दौड पंधरा सेकंदांच्या आत संपवतात, त्यामुळे एक हुकलेला फुगा किती महाग पडतो ते बघा. सावकाश जाऊन दहाही फोडणारा पुष्कळदा वाऱ्यासारख्या गेलेल्याच्या पुढे निघतो. नवशिक्यांनी तर वेगाचा विचारच करू नये. स्त्रिया, पुरुष, ज्येष्ठ असे गट आणि कौशल्याच्या पायऱ्या असतात, तेव्हा मुलीची गाठ कुणा दिग्गजाशी पडणार नाही.

अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा गट वेगळा असतो, त्याला रँग्लर म्हणतात. ती मोठ्यांचीच वाट घोड्यावरून पार करतात, पण पाठीवरून बार करत नाहीत. टिकल्यांचं पिस्तूल रोखतात किंवा नुसतं बोट. खरा बार जमिनीवर उभं राहून, शेजारी पालक असताना. ही रीत मला फार आवडते. हातात काही नसताना वाट, वळण आणि घोडा यांचा मेळ बसतो, आणि तोच तर अवघड आहे.

खर्चाचा आकडा जागेप्रमाणे बदलतो म्हणून तो देत नाही, पण क्रम सांगते. सगळ्यात मोठा खर्च घोड्याचा : जागा, वैरण, नालबंद, पशुवैद्य, आणि स्पर्धेला न्यायला ट्रेलर. पुढे मुलगी मोठी झाली आणि टिकली, तर दोन सारखी रिव्हॉल्व्हरं. रुगर व्हाकेरो किंवा जुन्या कोल्टच्या इटलीत बनणाऱ्या नकला, उबेर्ती-पिएत्ताच्या, बहुतेकांकडे दिसतात. वापरलेली चांगली मिळतात. अमेरिकेत शस्त्रांचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि न्यू जर्सीचे कडक, म्हणून काहीही घेण्याआधी तिथल्या क्लबला आणि वकिलाला विचारा. घरात कुलपाची लोखंडी पेटी असल्याशिवाय तर विषयच नको.

घोडा घेताना मात्र माझं ऐका. सुंदर, तरुण, तेज घोडा घेऊ नका. चौदा-पंधरा वर्षांचा, ज्याने हा खेळ वर्षानुवर्षं केलाय, ज्याला बार म्हणजे रोजचं काम वाटतं, असा घ्या. लोक शिकाऊ मुलाला शिकाऊ घोडा देतात आणि दोघंही घाबरतात. क्वार्टर हॉर्स जातीचे पुष्कळ दिसतात, कारण थोड्या अंतरात झेप घेणं आणि मागच्या पायांवर बसून वळणं त्यांना जमतं. पण नियमात जातीचं बंधन नाही. खेचरावरून खेळणारेही आहेत.

क्लबला भेट द्याल तेव्हा स्पर्धा बघू नका, सरावाचा दिवस बघा. रिंगणात काय चाललंय ते सोडून बाहेर उभ्या घोड्यांकडे पाहा. बार होताना ते एक पाय सैल सोडून पेंगत असतील, तर तिथली माणसं शिकवण्याजोगी आहेत. घोडे घामेजलेले, दोरीला हिसके देत असतील, तर मुलीला घेऊन गाडीत बसा आणि दुसरा क्लब शोधा. पहिल्या भेटीत मुलीला कुणी बंदूक हातात देऊ केली तर नाही म्हणा. एखाद्या जुन्या घोड्याला खरारा करायला दिलं, तर अवश्य करू द्या.